पुट्टीच्या पत्र्याची कबुली

मी पुट्टी ओढायचा पत्रा. अंगानं वीतभर रुंद, मागं लाकडी मूठ आणि स्वभावानं सरळ. मध्यंतरी मात्र माझ्याकडून एक पाप घडलं. म्हटलं, सांगून मोकळं व्हावं.

दुकानात खिळ्याला लटकलो होतो, तेव्हा मिस्त्रींनी मला उचललं, धारेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा चालेल." त्याला अकरा वर्षं झाली. जिप्समचे बोर्ड ठोकून भिंत उभी राहते, पण सांधे उघडे असतात. त्यांवर कागदी पट्टी बसवायची, पुट्टी भरायची आणि मला एका दमात वरून खाली ओढायचं. लोक आपलं काम दाखवायला धडपडतात, आम्ही लपवायला! सांधा दिसला, की आमची अब्रू गेली.

मागून मिस्त्रींची बायको घासकागद मारायची. तिचं तोंड आणि हात बरोबरीनं चालायचे.

एके सकाळी मी शिडीवरून निसटलो आणि फरशीवर धारेवरच पडलो. धारेला तिळाएवढी खाच, म्हणजे दाता पडला. मिस्त्रींनी मला डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि पुन्हा कामाला लावलं. मी कळवळलो, पण पत्र्याचं कोण ऐकतं? सांध्यासांध्यावर केसाएवढी रेघ उठत गेली. अख्खी खोली! उद्या मुकादम भिंतीला दिवा टेकवून आडवा उजेड सोडणार. रेघेची सावली पडली, की मिस्त्रींचं काम गेलं.

दुपारी बायको घासायला आली आणि थबकली.

"अहो, ही रेघ कसली?"

"कुठं काय?"

"कुठं काय म्हणे! नखाला लागतेय." तिनं मला उचलून धार पाहिली. "पत्रा पडला, ते कळलं. रेघ तुम्हाला का नाही दिसली?"

मिस्त्री पालथ्या डब्यावर बसले. "दोन महिने झाले गं. सगळं धुक्यातून दिसतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर शिडीवर चढू दिलं असतंस?"

"शिडीवर? खाटेवरून उतरू दिलं नसतं!"

बोलता बोलता तिनं कानस काढली आणि मला घासून सरळ केलं. मग ती नखानं रेघ शोधायची, मिस्त्री तिथं मला ओढायचे. संध्याकाळपर्यंत खोली पुरी झाली.

सकाळी मुकादमानं दिवा फिरवला. एकही सावली नाही. तोवर माझा जीव मुठीत होता. मूठ लाकडाची, तरी!

"झकास, मिस्त्री!"

"हिच्या नखाची करामत," मिस्त्री म्हणाले. "मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, साहेब. सुट्टी हवी."

"मोतीबिंदू? माझ्या आईचा काढला, आता ती माझ्या ताटातला खडा तिच्या ताटावरून दाखवते. जा, पुढचा मजला तुमचाच."

महिन्यानं मिस्त्री परतले. मला उजेडात धरलं आणि हसले, "अगं, याला किती गंज चढलाय!"

"तो आधीपासूनच होता," बायको म्हणाली.

म्हणून सांगतो, बाबांनो, पडलात तर दाता लपवू नका. घरच्या माणसाला एकदा नख फिरवू द्या.