बाई सोडून सगळे लागले

कॉलेज एवढंसं. तीन वर्ग, एक जिना आणि जिन्याखाली बाईंची खोली. बाई शेवटच्या वर्षाच्या मुलांना मुलाखत कशी द्यायची ते शिकवायच्या. दार कसं वाजवायचं, खुर्चीत कसं बसायचं, कोणी "तुमचा दोष सांगा" म्हटलं तर काय सांगायचं. पोरं पास होऊन गेली तरी बाई काही पाठ सोडत नसत. एकेकाला फोन लावायच्या. "काय रे, लागलास का कुठे?" नाही म्हटलं की, "मग उद्या ये, पुन्हा तयारी करू." पोरं वैतागायची, पण यायची. आणि शेवटचं पोर नोकरीला लागलं की बाई वर्गातल्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहायच्या, 'सगळे लागले'. नवी मुलं येईपर्यंत ते पुसायची कोणाची टाप नव्हती.

यंदाही लिहिलं. पण यंदा नवी मुलं आलीच नाहीत. मोठ्या कॉलेजांच्या काचेच्या इमारती सोडून जिन्याखालच्या खोलीत कोण येतंय? कॉलेज बंद करायचं ठरलं. निरोपाला शेवटची बॅच जमली होती, त्यातल्या कोणा वात्रटाने बाईंच्या ओळीखाली खडूने लिहिलं, 'बाई सोडून'. सगळे हसले, बाईही हसल्या. घरी येऊन मात्र चपला काढायचं विसरून तशाच पलंगावर बसून राहिल्या.

कारण खरी गंमत पुढेच आहे. जन्मात बाईंनी स्वतः एकही मुलाखत दिलेली नव्हती! तरुणपणी धाकट्या भावाला प्रवेश मिळवून द्यायला त्या कॉलेजात गेल्या. शिकवणारे आले नव्हते, वर्गात नुसता दंगा चालला होता. बाईंनी आत जाऊन तो शांत केला. प्राचार्य म्हणाले, उद्यापासून या. झालं! लागली नोकरी.

आता फोन उलट दिशेने यायला लागले. "बाई, लागलात का कुठे?" घरात लग्नाची मुलगी असावी तशी अख्खी बॅच बाईंसाठी स्थळं बघायला लागली. एकाने दुकान सुचवलं, एकीने बँक. फोन केला नाही तो फक्त घुम्याने.

हा घुम्या म्हणजे काय चीज होती! वर्गात तोंड म्हणून उघडायचा नाही. मुलाखतीच्या सरावाला समोर बसवला की घामाने थबथबायचा. शेवटी एक दिवस बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. दोघं खिडकीबाहेर बघत बसले. "मुलाखत गेली खड्ड्यात," बाई म्हणाल्या. "सकाळपासून काय काय केलंस ते सांग." आणि पोरगं बोललं की! अडखळत, थांबत, पण बोललं. मग रोज तेच. आता तो एका रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीवर होता.

"ज्याच्यासाठी एवढा जीव आटवला, त्याला एक फोन जड झाला," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तो फोन करून करणार काय? नुसता श्वास घेणार," नवरा म्हणाला.

पहिल्या मुलाखतीत बाईंनी विचारणाऱ्यालाच ताठ बसायला सांगितलं. तिथं नारळ मिळाला. दुसरीकडे दोष विचारला, तेव्हा बाईंनी मुलांना पाठ करून घेतलेलं उत्तर खणखणीत दिलं, "मी कामात स्वतःला फार झोकून देते." समोरचा माणूस खो खो हसला. "तुमच्या कॉलेजातली सगळी पोरं हेच सांगतात हो!"

ते मात्र बाईंना लागलं. घरी आल्या त्या रडवेल्या होऊनच. "मग मी इतकी वर्षं केलं काय? नुसती बडबड? पोरं आपापल्या नशिबाने लागली आणि मी उगाच फळ्यावर मिरवत बसले."  नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला.

तिसरी जागा नेमकी घुम्याच्या रुग्णालयात निघाली. चौकशी विभागाला प्रमुख हवी होती. बाईंनी अर्ज केला, पण त्याला कळवलं नाही. वशिल्याने मिळालेली नोकरी त्यांना नको होती. आपण खरोखर काही कामाच्या आहोत का, एवढंच त्यांना बघायचं होतं. इथंही नाही झालं तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आत गेल्या तर टेबलापलीकडे व्यवस्थापक, मेट्रन, आणि टोकाला घुम्या! मान खाली घालून बसलेला. 

"तुमचा दोष सांगा," व्यवस्थापक म्हणाले.

ते पाठ केलेलं उत्तर दातांपर्यंत आलं. बाईंनी ते गिळलं. आणि दुसरं काही येईना. जिभेला कुलूप! वर्षानुवर्षं दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या बाई तिथं मख्खासारख्या बसून राहिल्या. व्यवस्थापकांनी पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

"थांबा," मेट्रन म्हणाल्या. "आमच्यात एक पद्धत आहे. ज्याला यांच्या हाताखाली काम करायचंय, त्यानेही एक प्रश्न विचारायचा. विचार रे."

घुम्या उठला. त्याने स्वतःची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आला आणि ती बाईंच्या शेजारी ठेवून खाली बसला. समोर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाई, सकाळपासून काय काय केलंत?"

बाईंचे डोळेच भरले. पण तोंड उघडलं. "काय करणार बाबा? आरशासमोर मोठ्याने नमस्कार म्हटला, तर खालच्या मजल्यावरून शेजारणीने उलट नमस्कार केला. इथं आले तर मुलाखत कुठे आहे ते कळेना, म्हणून तुमच्या चौकशीच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक आजोबा होते. ती काचेतली फट किती खाली आहे रे! आजोबा कमरेत वाकले, हो हो म्हणाले, आणि बाहेर जाऊन रखवालदाराला तेच विचारायला लागले. त्यांच्या नि माझ्या मध्ये एक बाई होती, तिनेही तसंच केलं. अहो, वाकलेला माणूस बोलेल कसा? तो नुसता हो म्हणतो आणि सुटका करून घेतो. फट वर घ्या. बाहेर एक खुर्ची ठेवा. आणि आतल्या माणसाने अधूनमधून बाहेर येऊन शेजारी बसावं की, काय बिघडतं?"

"खुर्ची ठेवली तर रांग अडेल," व्यवस्थापक म्हणाले.

"कशी अडेल? खांबाच्या पलीकडे ठेवा ना!" बाई म्हणाल्या, आणि त्यांना ताठ बसायला सांगता सांगता ऐनवेळी थांबल्या.

मेट्रन म्हणाल्या, "कळवतो." हे कळवतो म्हणजे काय असतं ते बाईंनी शंभर पोरांना समजावून सांगितलं होतं. त्या घरी आल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

संध्याकाळी फोन वाजला. नवऱ्याने उचलला, जरा वेळ ऐकलं आणि बाईंपुढे धरला. "घे. कोणीतरी नुसता श्वास घेतंय."

मागून कोणाची तरी कुजबुज ऐकू आली, "अरे बोल ना लेका!"

"बाई," घुम्या म्हणाला, "लागलात."

"मेल्या! इतके दिवस कुठे तोंड घेऊन बसला होतास?"

"तुमचा अर्ज आल्या आल्या मेट्रनना सांगितलं, की या माझ्या बाई. त्या म्हणाल्या, मग निकाल होईपर्यंत त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं, ते मला जमतं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी रोज नंबर लावत होतो. पहिला शब्द सुचायचा नाही."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. घुम्याने घाई केली नाही. मग म्हणाला, "बाई, कॉलेजची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे ना? आम्ही सगळे फाटकाशी उभे आहोत. फळ्यावरची खालची ओळ पुसायची आहे."

बाईंनी डोळे पुसले आणि चपला शोधायला लागल्या. नवरा किल्ली घेऊन दारात उभा होता.