माझ्या पोटावरचा कूलरचा डाग

मित्रांनो, मी जयपुरात जन्मलेली होडी आहे. आधी हसून घ्या. सगळेच हसतात, मला त्याची सवय आहे. आता माझ्या कडा घासल्या गेल्या आहेत, तरी मालवीय नगरातल्या एका घराच्या पोर्चमध्ये, छताखाली, दोन कापडी पट्ट्यांच्या झोळीत मी अजून ऐटीत टांगलेली असते. माझ्या पोटावर तळहाताएवढा एक पांढरट डाग आहे. येणारा-जाणारा आधी त्याच्याबद्दलच विचारतो. तर त्या डागाचीच गोष्ट सांगते, म्हणजे माझी सगळी सांगून होईल.

हे घर श्यामकांत आणि प्रभाताई यांचं. श्यामकांत हाडांचे डॉक्टर. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, पण नोकरीपायी जयपुरात आले आणि इथलेच झाले. प्रभाताई वर्ध्याच्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर दोघांनी बरेच बेत आखले होते. पण डॉक्टरांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं-चालणं हळूहळू सावरलं. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच.

रोज दाबायला म्हणून त्यांना एक लाल रबरी चेंडू मिळाला होता. आता हेच डॉक्टर, बरं का, जन्मभर पेशंटना व्यायामावरून दटावत आले. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी तो चेंडू बागेत भिरकावला, तोही डाव्या हाताने. दिवसभर ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि मांडीवरच्या उजव्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. प्रभाताईंना हाताची तेवढी काळजी नव्हती. आपला माणूसच त्या खुर्चीचा होऊन जाईल, ही त्यांना धास्ती होती.

एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की मला होडी हवी. लग्न झाल्यापासून तुमच्या खाडीच्या गोष्टी ऐकतेय, आता एकदा बसवा तरी. डॉक्टर म्हणाले, जयपुरात होडी काय उंटावर ठेवून फिरवणार? शिवाय आपण होडीत बसायचो, बांधायचो नाही, हेही त्यांनी बजावलं. प्रभाताईंनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी होडी बांधायचा नकाशा मागवला.

माझं लाकूड झोटवाड्यातल्या मनोहरजींच्या वखारीतलं. देवदाराच्या बोटभर रुंद, पातळ, लांबलचक पट्ट्या त्यांनी चिरून दिल्या. कशासाठी ते कळल्यावर पाणी कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. प्रभाताई म्हणाल्या, ते नंतर बघू.

पोर्चमध्ये एका लांब फळीवर प्लायवूडचे साचे उभे राहिले, माशाच्या काट्यासारखे. त्यांच्यावरून एक पट्टी वाकवायची, शेजारच्या पट्टीला गोंदाने चिकटवायची, चिमटे लावायचे, गोंद वाळेपर्यंत थांबायचं आणि मग पुढची पट्टी. या कामाला दोन्ही टोकांना माणूस लागतो. प्रभाताई एकट्या. एक टोक धरलं की दुसरं निसटायचं आणि थेट डॉक्टरांच्या खुर्चीसमोर नाचायचं. रोज नेमकं तिकडेच कसं जायचं, याचा मला संशय आहे. पण मी आपली गप्प राहिले.

शेवटी डॉक्टरांना ते बघवेना. "अगं, मोडशील ती. थांब, मी धरतो," म्हणत ते उठले. डाव्या हाताने त्यांनी पट्टी धरली. मग चिमटा लावायला उजवाच हात उरला. चिमट्याची स्प्रिंग चांगलीच कडक होती. सुरुवातीला चिमटे नुसते खाली पडायचे. प्रभाताई ते उचलून पुन्हा त्यांच्या हातात द्यायच्या. रबरी चेंडूपेक्षा चिमटा किती जास्त कडक आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आणून द्यायला कोण जातंय.

अशी मी पट्टी-पट्टीने वाढत गेले. शेजारच्या सोनमला मी झोपाळा वाटले, दूधवाल्याला गाईची गव्हाण. डॉक्टर मात्र सकाळी चहाच्या आधी माझ्याकडे यायला लागले. उजव्या हाताने मला पॉलिशपेपरने घासायचे, दमायचे, कुरकुरायचे, पुन्हा घासायचे. खरं सांगते, तेवढे लाड माझे नंतर कधी झाले नाहीत.

मग कापड चढवायचा दिवस आला. काचेच्या धाग्यांचं पातळ कापड लाकडावर अंथरायचं आणि त्यावर रेझिन, म्हणजे वाळून काचेसारखी कडक होणारी राळ, ओतून पसरवायचं. कापड पारदर्शक होतं आणि होडी मजबूत होते. डॉक्टर म्हणाले, हे प्लास्टर घालण्यासारखंच आहे, याला कुणी हात लावायचा नाही. मे महिना होता. पहाटेच सुरुवात केली, तरी जरा वेळात ते घामाने निथळायला लागले. प्रभाताईंना राहवेना. त्यांनी आतला कूलर ओढत आणला आणि त्यांच्या दिशेने लावला. ओल्या वाळ्याचा गार वारा आला. डॉक्टरांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघतात तर पोटावर हा पांढरा डाग. बाकी सगळीकडे लाकूड कसं लखलखत होतं, पण डॉक्टरांना डागच दिसला. त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"हात गेलाय माझा, प्रभा. उगाच खेळ मांडलास."

माझ्यावर चादर टाकून ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी साच्यांवर उपडी, अर्धवट. आपलं संपलं, असंच मला वाटलं. पण माझ्यापेक्षा प्रभाताईंचे हाल बघवत नव्हते. एवढ्या मुश्किलीने उठवलेला माणूस पुन्हा बसला होता. मतलब, आता तो उठेल असं दुसरं काय आणायचं?

त्या रोज चादर उचलून डाग बघायच्या. एका दुपारी कूलरमध्ये पाणी ओतता ओतता त्या थांबल्या. बादली तिथेच ठेवून माझ्याकडे आल्या. त्या दिवशी कूलर जिथे ठेवला होता, बरोबर त्या जागी उभ्या राहिल्या. डाग त्यांच्या नाकासमोर होता. मग त्या तडक खुर्चीपाशी गेल्या.

"अहो, तुमचा हात नाही चुकला. कूलर मी लावला होता. ओल्या हवेने रेझिन पांढरं पडतं. जन्मभर रसायनं शिकवली आणि घरात हा प्रताप केला."

डॉक्टरांना वाटलं, ही समजूत काढतेय. तसं ते म्हणालेही.

"मग या आणि पेशंट तपासता तशी तपासा तिला. हात चुकला असेल तर आत बुडबुडा राहिला असेल. एक जरी सापडला तर मी सगळं भंगारात देते."

डॉक्टर आले. चादर काढली. उजवा तळहात त्यांनी माझ्या टोकावर ठेवला आणि हळूहळू पुढे नेला. एक वीतही त्यांनी सोडली नाही. कुठे बुडबुडा नव्हता, सुरकुती नव्हती. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर ते तसेच उभे राहिले आणि रडले. मीही रडले असते, पण होडीने बाहेरूनच भिजायचं असतं.

डाग घासून पुन्हा करू, असं प्रभाताई म्हणत होत्या. डॉक्टरांनी करू दिलं नाही. तो तुझा आहे, राहू दे, म्हणाले.

पावसाळा संपल्यावर मला जीपच्या टपावर बांधून शहराबाहेर कानोत्याच्या बंधाऱ्यावर नेलं. लाइफ जॅकेट घालून दोघं बसले. डॉक्टरांनी वल्हं मारलं आणि मी गोल फिरले, कारण डावा हात दांडगा आणि उजवा अजून कच्चा. काठावर कचोऱ्या खाणारी मंडळी खो-खो हसली. प्रभाताईंनी माझ्या कडा घट्ट धरल्या होत्या. खाडीतही असंच फिरायचात का, त्यांनी विचारलं. डॉक्टर हसले, उजव्या हाताने नेटाने ओढलं आणि मी सरळ पुढे गेले.

पुढे दोघं लेकीकडे, संपदाकडे पुण्याला गेले. महिनाभरासाठी गेले ते लवकर परतलेच नाहीत. पोर्चमध्ये संध्याकाळचं ऊन तिरपं येतं. रेझिनला ऊन सोसत नाही, म्हणून वरून वार्निश लागतं. माझं वार्निश तडकलं, पापुद्रे सुटले, पारव्यांनी पोटात घरटं केलं. बोलणार कुणाशी?

ते परतले तेव्हा डॉक्टरांनी दाराचं कुलूप डाव्या हाताने काढलं. उजवा हात पुन्हा रुसलाय, हे मी लगेच ओळखलं. पुण्यात लेकीने आणि जावयाने सगळं हातात आणून दिलं होतं, प्रेमानेच. प्रभाताईंनी पारव्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत वाट बघितली, मग मला खाली उतरवलं आणि चहाच्या कपाशेजारी पॉलिशपेपर ठेवला. डॉक्टरांनी आधी डावा हात पुढे केला, मागे घेतला. मग उजव्या हाताने उचलला.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच, की आवडत्या वस्तूला कौतुकाने टांगून विसरू नका. आणि आवडत्या माणसाला सगळं हातात आणून देऊ नका. त्याला थोडं काम ठेवा.

नवं वार्निश वाळल्यावर मला पुन्हा वर टांगलं, तेव्हा माझं टोक भिंतीला घासू लागलं. प्रभाताई बागेत गेल्या, जास्वंदीखाली शोधाशोध केली आणि तो लाल रबरी चेंडू आणून मध्ये बसवला. डॉक्टरांनी तो कधीच दाबला नाही. आता मी दाबून धरते, येत्या रविवारी कानोत्याला निघेपर्यंत.