तिसरा सिलिंडर

"दिवा लुकलुकत असताना तुम्ही गाडी चालवत आणलीत?" मी ओरडलोच.

"मग काय डोक्यावर घेऊन येऊ?" सिस्टर गाडीतून उतरत म्हणाल्या.

या बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघतात. दिवसाला सात घरं. तोंडाने त्यांना जिंकणं शक्य नाही, पण गाडीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश या, वाटेत चहा घेऊन या. लुकलुकायला लागला की गाडी तिथेच उभी करायची आणि मला फोन करायचा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नसतं, आणि ते कच्चं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणाऱ्या जाळीची राखरांगोळी करतं. हे सगळं मी त्यांना सुनावलं.

"झालं बोलून? साडेअकराला मला एका आजींची जखम धुवायचीय."

तोवर माझ्या मुलीने स्कॅनर जोडला होता. गेली पाच वर्षं गॅरेज आम्ही दोघं चालवतो. "बाबा, तिसरा सिलिंडर. ठिणगीची कॉइल गेली असणार."

"असणार म्हणजे? तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लाव, दुसऱ्याची तिसऱ्यावर. खोट कॉइलमध्ये असेल तर ती कॉइलबरोबर जाईल."

तिने अदलाबदल केली, स्कॅनरने बिघाडाची जुनी नोंद पुसली, गाडी सुरू केली. पुन्हा तीच थरथर, पुन्हा लुकलुक. आणि स्कॅनरवर तिसराच.

"मग पेट्रोलचा इंजेक्टर बघूया," ती म्हणाली. "प्लग तर आपण आठ दिवसांपूर्वीच नवे घातलेत."

आपण नव्हे, मी. तिने पाना मागितला होता आणि मी दिला नव्हता. वर्षभर माझ्या बोटांच्या टोकांना धड काही कळत नव्हतं. साखरेची मेहेरबानी! कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी माझ्या हातातून पाना काढून घेतला असता. चाळीस वर्षं पाना धरलेला माणूस मी, आता काय खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना पाणी देऊ?

"आधी प्लग," मी म्हणालो. "इंजिन निवू दे."

प्लग मीच काढला. मुलगी नवा आणायला आत गेली होती. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर, आणि चिरेवर काळी रेघ. ठिणगी पेट्रोलपर्यंत पोचायच्या आधी तिथूनच पळत होती. बसवताना पाना तिरका झाला की असं होतं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. आणि पाना तिरका झाला की हाताला कळतं. माझ्या हाताला कळलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. प्लग खिशात टाकला असता तर विषय मिटला असता.

"पेट्रोलच भेसळीचं असेल," सिस्टर म्हणाल्या. आयतं निमित्त हातात आणून दिलं बिचारीने.

"नाही." मी प्लग पुढे केला. "प्लग मी फोडलाय. बसवताना."

मुलगी नवा प्लग घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं.

सिस्टर प्लगकडे बघतच नव्हत्या. "हे बोट कधी भाजलं?"

"कुठलं?"

तर्जनीवर चांगला टपोरा फोड आला होता. सकाळी कुठल्या तरी गरम नळीला लागलं असणार. मला पत्ताच नाही.

"हात द्या. डोळे मिटा."

हात दाखवून अवलक्षण! पण मिटले.

"पेनाचं टोपण लावतेय. कुठल्या बोटाला?"

"मधल्या."

"आणि आता?"

"अजून कुठे लावलंय तुम्ही?"

डोळे उघडले तर टोपण करंगळीवर टेकलेलं होतं आणि मुलगी रडत होती. मला तिचा भयंकर राग आला. स्वतःचा त्याहून जास्त.

"रडतेस काय? सिस्टरांना साडेअकराला पोचायचंय. ये इकडे. आधी नुसत्या हाताने फिरव. आटे धरले? आता पाना. सरळ धर गं, माझ्यासारखा नको."

तिने आवळला. "पुरे?"

सवयीने माझा हात पान्याकडे गेला. मी तो मागे घेतला. "तुला काय वाटतं?"

"पुरे."

"मग पुरे."

नोंद पुसून गाडी सुरू केली. थरथर नाही, दिवा गेला तो गेलाच. सिस्टर पिशवी उचलायला लागल्या.

"थांबा. उरलेले तीनही काढ," मी मुलीला म्हणालो. "तेही मीच बसवलेत."

तीनही धड निघाले. तिने ते परत बसवले. सिस्टर गेल्या. जाता जाता, उद्या दहा वाजता डॉक्टरकडे यायचं, असं बजावून गेल्या. मुलीला वाटलं, संपलं. मी कामाची वही उघडली. महिन्याभरात माझ्या हाताखालून अकरा गाड्या गेल्या होत्या. त्यात दोन कामं ब्रेकची होती. ब्रेकवाल्यांना आधी फोन लावला.

"बाबा, द्या, मी बोलते."

"हात गेलेत, तोंड नाही गेलं."

पलीकडे कुणीतरी उचलला.

"गॅरेजमधून बोलतोय. गाडी आहे तिथेच राहू द्या, चालवू नका, आम्ही येतो. नाही हो, तुमचं काही चुकलेलं नाही. माझं काम तपासायचंय."