नानांच्या शाळेतले डोळे

कोकणातल्या मिठबावला नाना मेस्त्रींची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, होती. आषाढ लागला की लोक आपापले पाट आणून ठेवत आणि त्याच पाटावरून मूर्ती घरी नेत. माती कोणीही मळे, रंग कोणीही लावी. डोळे मात्र नाना लिहीत, नाहीतर त्यांचा मुलगा सत्यवान. सत्यवानाने त्यासाठी कधी कष्ट घेतले नव्हते. गप्पा मारता मारता तो कुंचला फिरवी आणि मूर्ती समोरच्याकडे बघायला लागे.

त्याची बायको मथुरा शेतकऱ्याची मुलगी. लावणी-कापणीने बोटं राठ झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ती म्हणाली, "मामंजी, माका डोळे लिवूक शिकवा."

नाना हसले. "तुज्या हातात ता नाय गो. ता जन्मताना घेवन येवचा लागता."

सत्तावन्न साली सत्यवान मुंबईला सिनेमाची पोस्टरं रंगवायला गेला. काम धरायचा, कंटाळला की सोडायचा. इकडे मथुरा करवंटीला चुना फासून काजळीने डोळे काढू लागली. तिरळे यायचे, मेलेल्या माशासारखे यायचे. ती पुसायची, पुन्हा काढायची. सासू यमुनाबाई करवंट्या चुलीत घालताना म्हणायची, "जळताना पण माज्याकडे बगतत गो!" मथुरा हसायची आणि शेजारणीकडून आणखी करवंट्या मागून आणायची.

काही वर्षांनी नानांचा हात कापू लागला. चतुर्थी तोंडावर आली आणि मूर्ती तशाच, बिनडोळ्यांच्या. मथुराने कुंचला उचलला. नाना तिला अडवायला उठले, पण पहिली मूर्ती बघून खाली बसले. म्हणाले, "कोणाक सांगा नको. सत्यवान येवन लिवन गेलो म्हणान सांगूया."

तसंच सांगितलं गेलं, दरवर्षी. आचरे गावाहूनसुद्धा पाट येऊ लागले. "सत्यवानाचो हात नानांच्याय पुढे गेलो," लोक म्हणत. झावळ्यांच्या आडोशाला बसून मथुरा ते ऐकायची.

नाना गेले आणि सत्यवान कायमचा परत आला. शाळेच्या दारात बसून लोकांचे नमस्कार घेऊ लागला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आचऱ्याचे गुरुदास आले. "माज्या गणपतीचे डोळे माज्यासमोर लिव. माका बगूचा आसा."

सत्यवानाने कुंचला धरला. एक डोळा वर गेला. पुसून पुन्हा काढला, तो फाकला. मथुरा आडोशातून बाहेर आली, तिने कुंचला घेतला आणि दोन्ही डोळे लिहिले.

गुरुदासांचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्सां..."

"मीच लिवतंय," मथुरा म्हणाली.

गुरुदास घुटमळले. "सत्यवाना, तू एकदा कुंचलो फिरव रे. बायलमानसाचो हात म्हटल्यार घरात चलाचा नाय."

तो नाही म्हणेल असं मथुराला वाटलं. सत्यवानाने कुंचला रंगात बुडवला आणि आधीच रंगलेल्या मुकुटावर टेकवला. "झाला," म्हणाला. गुरुदास समाधानाने मूर्ती घेऊन गेले.

"रागावलंस?" सत्यवानाने विचारलं.

"पुढच्या वर्सापासून मी दारात बसतलंय. कोणाक चलत नसात, तेणी आपलो पाट न्यावचो."

पुढच्या आषाढात आचऱ्याचे पाट आले नाहीत. गावातलेही कितीतरी कमी झाले. उरलेल्या मूर्तींचे डोळे मथुराने सगळ्यांसमोर लिहिले. लोक बघायचे, हात जोडायचे, आणि घरी कोणी विचारलंच तर सत्यवानाचंच नाव सांगायचे.