कळकलेला फोन

इंजिन बंद पडलं तेव्हा मी घाबरलो नाही. इंजिन बंद पडतंच. दोरी ओढायची, चार शिव्या हासडायच्या, चालू होतं. पण दोरी ओढून ओढून हाताला फोड आले आणि आमच्या बेटावरच्या माडांची रांग बारीक होत चालली, तेव्हा मात्र घाबरलो. नांगर टाकून उपयोग नव्हता. प्रवाळाच्या कड्याबाहेर आमच्या समुद्राला तळ लागत नाही. पाण्याची ओढ पश्चिमेकडे होती, आणि पश्चिमेला काहीही नाही. आमच्या गावातून त्या बाजूला वाहत गेलेल्या माणसांची नावं पोरांनाही पाठ असतात.

होडीत आम्ही दोघंच. मी आणि माझे सासरे बारानिको, त्यांना मी मामा म्हणतो.

"मारेताला फोन लाव की," मामा म्हणाले. मारेता माझी बायको, त्यांची लेक. "कौतूनं एवढा महागाचा पाठवलाय तो काय गाणी ऐकायला?"

कौतू माझा मेहुणा, ऑस्ट्रेलियात फळबागेत कामाला असतो. फोन नवा कोरा. पाण्यात पडला तरी काही होत नाही, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. मी तो झाकणाच्या डब्यातून काढला. सोलरच्या दिव्याला लावून ठेवलेला, तेव्हा भरलेला असणार असं मी धरून चाललो होतो. बॅटरीचं चिन्ह लाल होतं. मारेताचा नंबर लावला, एक घंटी वाजली आणि पडदा काळा झाला.

तरी मी धीर धरला. दिवा होडीतच होता, वायरही होती. पिन घातली. काही नाही. पुसून घातली, उलटी करून घातली. काही नाही. मग ते भोक उन्हाकडे धरून आत पाहिलं. जुन्या तांब्याच्या तारेवर धरतो तसा हिरवा कळंक आत दाटून बसला होता.

"मामा, हा तुम्ही रोज धुता ना?"

"धुतो की. समुद्रावरून आला की बादलीत बुचकळून काढतो. तुमच्यासारखा खारट अंगानं फिरू देत नाही."

आमच्याकडे समुद्रावरून आलेलं सगळंच विहिरीच्या पाण्यातून काढतात. गळ, सुऱ्या, इंजिन, पोरंसुद्धा. मामांनी फोनलाही तोच नियम लावला होता, आणि वर ओला तसाच दिव्याला जोडायचे. पण गेल्या मोठ्या भरतीत लाटा परसात शिरल्या तेव्हापासून ती विहीरच खारट झाली होती. घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. पण विहीर मामांच्या आज्यानं खणलेली. तिला खारट म्हणायची कुणाची टाप नव्हती.

भ्यालो की माझी जीभ सुटते.

"तुमच्या विहिरीनं मारलं आपल्याला! रोज मिठाच्या पाण्यात बुडवत होतात तुम्ही."

"माझी विहीर गोडी आहे."

"मग चहाला टाकीतलं पावसाचं पाणी कशाला लागतं हो?"

मामांनी फोन माझ्या हातातून घेऊन त्या भोकात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "खारट झालीय. सगळ्यांच्या आधी मलाच कळलं. विहीर गेली म्हटलं की तुम्ही पोरं बोचकी बांधणार. म्हणून तोंड मिटून बसलो. आता ओरडू नकोस जावईबापू, काय करायचं ते बोल."

मला आणखीच भीती वाटली. मामांनी हार मानलेली मी आजवर पाहिली नव्हती.

कळंक खरवडायला मी गळ उचलला, तर मामांनी तो काढून घेतला. "लोखंड नको, आतलं सगळं मोडशील." त्यांनी आमिषाला आणलेल्या उडत्या माशाच्या पराचा काटा मोडून घेतला आणि हलक्या हातानं आत फिरवू लागले. हिरवी भुकटी निघाली, पण मीठ निघायला गोडं पाणी हवं होतं. बाटलीत अर्धंच उरलं होतं, तेही प्यायचं.

"हे ओतलं तर उद्या काय पिणार?" मी म्हणालो.

"फोन लागला नाही तर परवा काय पिणार?"

थेंब थेंब करत सगळं पाणी त्या भोकात गेलं. फुंकून, झटकून, फोन इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर वाळत ठेवला. तो वाळेपर्यंत मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. माड दिसेनासे झाले होते. चारी बाजूंना नुसतं पाणी. माझ्या तोंडाला कोरड पडली, आणि घोटभर पाणीही नव्हतं.

पिन घातली. काही नाही. मामांनी ती अंगठ्यानं वरच्या बाजूला दाबली आणि पडद्यावर बॅटरी उजळली. सैल सोडली की विझायची.

"दाबून धरा मामा! हलू नका!"

फोन सुरू झाला. टॉवरची एक काडी यायची, जायची. ती आली तेव्हा मी नंबर लावला.

"कुठं तडमडलात?" मारेता म्हणाली. "भात कधीचा झालाय."

"इंजिन गेलंय. वाहत चाललोय."

"काय? नीट बोला, ऐकू येत नाही."

फोन कट झाला. मग आम्ही कुठं आहोत ते ठिकाण तिला पाठवलं. ते गेलं का, हे बघायच्या आत पडदा काळा झाला. मामांचा अंगठा जागच्या जागी होता, पण फोनमध्ये जीव नव्हता.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. पडदा माझ्या बाजूला होता.

"आलं का काही?"

"जातंय," मी म्हणालो. "तुम्ही फक्त सोडू नका."

ते दाबून बसले. ऊन उतरू लागलं, होडी गोल गोल फिरत राहिली. मध्येच ते विचारायचे, मी काळ्या पडद्याकडे बघून म्हणायचो, "आहे, चालू आहे." खोटं बोलताना रडू येत होतं, ते घाम पुसल्यासारखं पुसत होतो. खरं सांगितलं तर म्हातारा खचेल, आणि तो खचला तर या पाण्यावर मी एकटा उरेन, एवढंच डोक्यात होतं.

सूर्य बुडायला टेकला तेव्हा इंजिनाचा आवाज आला. शेजाऱ्यांची होडी. पुढे मारेता उभी, हातात तिचा जुना फोन, आणि तिचा शिव्यांचा पट्टा आवाज ऐकू येण्याआधीच कळला. मी ओरडलो, हात हलवले.

मामा तसेच होते. अंगठा पिनेवर, पांढरा पडलेला.

"सोडा आता मामा," मी म्हणालो. "आली ती."

त्यांनी सोडायला बघितलं, पण बोटं उघडेनात. मी एकेक करून सोडवली.

"तो मघाशीच गार पडला होता," ते म्हणाले. "जीव असला की हाताला गरम लागतो. मी सोडला असता, तर तू घाबरला असतास."