खालून पहिली ओळ

शादलियाने वही हातात घेतली आणि आधी तिची पाठ पाहिली. पुठ्ठा नखाने खरवडला. शिवण ओढून पाहिली. मग नाइलाजाने पान उघडलं.

"पाहा," सिहामबाई म्हणाल्या.

शादलिया पाहतच होती. बालवर्गात मोठ्यांची खुर्ची एकच आणि तिच्यावर बाई, त्यामुळे शादलियाला मुलांच्या खुर्चीत बसवलं होतं. तिचे गुडघे हनुवटीला टेकले होते. पानावर तिच्या लेकीने, इश्राकने, अरबी अक्षरं काढली होती. सगळ्यात खाली उभ्या काड्यांची ओळ, तिच्यावर एकेक ठिपका दिलेल्या होड्यांची ओळ, तिच्यावर आणखी होड्या. एकही काडी तिरकी नाही, मध्ये कुठे भोक नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या मानाने काम चोख होतं. शादलियाला वाचता येत नसे, पण चोख काम ओळखता येई.

"ती खालून वर लिहिते," बाई म्हणाल्या.

शादलिया तक्रारीची वाट पाहत राहिली. तक्रार होऊन गेली आहे हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

बाईंचं म्हणणं असं, की सगळी मुलं पानाच्या वरून सुरुवात करतात, ही एकटी तळापासून. शिवाय ती दुसऱ्यांची चित्रं उलटी करून मागची बाजू बघते आणि मान हलवते. परवा मुख्याध्यापक वर्गात आले, तर तिने त्यांच्या कोटाचं टोक उलटून अस्तर पाहिलं.

"कसं होतं?" शादलियाने विचारलं.

"काय कसं होतं?"

"अस्तर."

सिहामबाईंनी खण उघडला. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. मुलीला डॉक्टरांकडे तपासायला पाठवायचं, त्याला आईची संमती. डॉक्टरांनी हो म्हटलं की सप्टेंबरात इश्राक पहिलीत जाणार नाही. तिला बसस्थानकामागच्या निराळ्या वर्गात बसवतील. संमती दिली नाही, तर गुरुवारी मुख्याध्यापक स्वतः तिला समोर बसवून लिहायला लावतील, आणि तेव्हाही तिने असंच लिहिलं, तर पुढचं आईच्या अंगठ्यावाचून होईल.

"लल्ला शादलिया," बाईंनी अदबीने विचारलं, "घरी हिला शिकवतं कोण?"

"कोणी नाही. बाप कामाला गाबेसला. महिन्यातून एकदा येतो आणि आला की झोपतो. मी अडाणी. मी काय शिकवणार?"

बाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्या शादलियाच्या बोटांकडे बघत होत्या, हे शादलियाने पाहिलं. बोटांवर लोकरीचा लाल रंग होता, तो धुऊन जात नसे. शादलियाने आपली नजर पकडली, हे बाईंच्याही लक्षात आलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू दोघींनाही पटलं नाही.

कागद घेऊन शादलियाने तो आधी किराणावाल्याकडून वाचून घेतला. मग औषधाच्या दुकानातल्या मुलीकडून. मग मशिदीतल्या मुअज्जिनाकडून. तिघांनी शब्दन्‌शब्द तेच वाचलं. म्हणजे तिघं एकमेकांना सामील होते.

"मी सांगते काय ते," शेजारची मब्रूकाखाला म्हणाली. ती भिंतीवरून बोलत असे; दारातून आलं तर चहा घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या घरच्या चहात काय असेल सांगता येत नाही, असं तिचं मत होतं. "त्या डॉक्टराकडे कुणी जात नसेल. माझ्या गुडघ्यासाठी तीन वर्षं तारीख देत नाहीत, आणि धडधाकट पोरीला आपण होऊन बोलावतात. तू अंगठा देऊ नकोस."

"पण खालून लिहिते म्हणतात."

"मग कुठून लिहायचं?"

तेच शादलियाला कळत नव्हतं. लिहिणारे लोक तिने जन्मभर पाहिले होते, पण नेहमी टेबलाच्या अलीकडून. नगरपालिकेतला कारकून, दवाखान्यातली नर्स, गालिच्यावर शिक्का मारणारा साहेब, सगळे पलीकडे बसत. अलीकडून पाहिलं तर प्रत्येकजण शादलियाच्या बाजूने, म्हणजे तिला दिसे तसं खालूनच, सुरुवात करी आणि आपल्या पोटाकडे सरकत जाई. कैरवान शहरातला एकही कारकून तिने वरून लिहिताना पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने इश्राकची उलटतपासणी घेतली. बाई मारतात का? नाही. काही खायला देतात का? कधीमधी खजूर. कसला खजूर? गोड. शादलियाने तेही लक्षात ठेवलं.

बुधवारी दुपारी सिहामबाई न सांगता घरी आल्या. शादलियाने चहा टाकला आणि खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईची बशी पुढे केली. बाईंनी एक खाल्ला. आग्रह केला नसतानाही दुसरा खाल्ला. एवढं गोड कोणी उगाच खात नाही.

बाईंची नजर खोलीभर फिरली आणि मागावर थांबली. माग भिंतीएवढा होता. उभे धागे ताणलेले, तळाशी वरच्या गाठी धरून ठेवणारी साधी विणलेली पट्टी, तिच्यावर कमरेइतका गालिचा उगवलेला, आणि वर नुसते धागे. बाईंनी इश्राकचे हात हातात घेतले, बोटांची टोकं दाबून पाहिली.

"हिला विणायला बसवता?"

आता शादलियाला कळलं, बाई कशासाठी आल्या ते. "हात लावू देत नाही मी," ती म्हणाली. "मला आठव्या वर्षी बसवलं होतं. हिला नाही बसवणार. ही नुसती शेजारी बसते आणि ओळी सांगते."

"कसल्या ओळी?"

इश्राकने दाखवलंच. आई विणायला बसे त्या फळीवर चढून बसली आणि विणून झालेल्या भागावर बोट ठेवत म्हणाली, "दोन लाल, एक पांढरा, तीन निळे. उम्मी, इथे परत दोन लाल." नकाशा नव्हता, कागद नव्हता. मग ती खाली उतरली, मागाच्या पाठीमागे गेली आणि तिकडून ओरडली, "एक गाठ ढिली आहे."

 तिसरा मक्रूद सिहामबाईंनी अर्धाच खाऊन बशीत ठेवला.

"लल्ला, तुम्ही वरून का नाही विणत?"

शादलिया आठवडाभरात पहिल्यांदा खरं हसली. "वरून? आणि गाठ बसणार कशावर? वाऱ्यावर?"

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि मागाशेजारी भिंतीला टेकवून उभी धरली. तळाला काड्या, वर होड्या, त्याच्यावर कोरं पान. शादलियाने वहीकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

"म्हणजे मीच शिकवलं."

"हो."

"मी तर काही शिकवत नाही म्हणून सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत."

"ते खोडते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. महिनाभर त्या इश्राकला वरून लिही म्हणून सांगत होत्या. पोरगी ऐकून घेई, पान उलटून पाठ बघे, आणि उम्मीला विचारीन म्हणे. घरी येऊन तिने कधी विचारलं नाही, कारण उत्तर तिला मागावर रोज दिसतच होतं. "उद्या मुख्याध्यापक बसवणार आहेत. माझं ती ऐकणार नाही. तुम्ही सांगा."

बाई गेल्यावर शादलियाने उरलेला अर्धा मक्रूद हुंगला. त्यात काही नव्हतं. मग तिने इश्राकला समोर बसवलं.

"शाळेत वरून लिहायचं."

"वरून लिहिलं तर सुटून नाही पडणार?"

"नाही पडत."

"तुला कसं माहीत?"

शादलियाला बऱ्याच गोष्टी सांगता आल्या असत्या. या घरात आजवर तिला माहीत नाही असं काही नव्हतं. लोकर कधी भिजवायची, कोणाच्या मनात काय आहे, पाव शिळा आहे की दुकानदार खोटा आहे, सगळं तिला माहीत असे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला लिहिता येत नाही. बाईंना येतं."

इश्राकने तिच्याकडे पाहिलं. मग आईचा हात हातात घेतला, पालथा केला आणि पाठ नीट तपासली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. समाधान झालं तेव्हा हात परत ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापकांनी कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली होती. त्यांनी इश्राकपुढे कोरं पान ठेवलं आणि ते पलीकडे बसले. शादलिया दाराशी उभी राहिली; आत या म्हटलं तरी आली नाही.

इश्राकने पेन्सिल घेतली आणि सरळ पानाच्या तळाशी गेली. सिहामबाईंनी डोळे मिटले. मुलीने सगळ्यात खालच्या ओळीवर उजवीकडून डावीकडे एक रेघ ओढली, जाड, परत परत गिरवून. मग हात उचलला, वर गेली, आणि पहिल्या ओळीपासून काड्या काढायला लागली. काड्यांच्या खाली होड्या. होड्यांच्या खाली आणखी होड्या.

मुख्याध्यापकांनी पान बघितलं. "ही खालची रेघ कशाला?"

"सजावट," सिहामबाई घाईने म्हणाल्या.

इश्राकने बाईंकडे संशयाने पाहिलं. शादलियाने अंगठा न देता परत आणलेला डॉक्टरांचा कागद मुख्याध्यापकांनी खणात टाकला आणि पहिलीच्या यादीवर शादलियाचा अंगठा मागितला. तिने यादी उलटी करून पाहिली. पाठ कोरी होती. तिने अंगठा दिला.

ते पान तिने मागून घेतलं. घरी येऊन मागापुढच्या फळीवर बसली. शेजारची जागा रिकामी होती, शाळा सुटायला वेळ होता. "दोन लाल," ती म्हणाली, आणि पुढचं कोणी सांगेल म्हणून जरा थांबली. मग तिने पान काढलं, पालथं केलं आणि त्याच्यावरून बोट फिरवत खाली आली. काड्या हाताला लागल्या नाहीत, होड्याही नाहीत. त्या हलक्या हाताने काढल्या होत्या. कागदाच्या पाठीवर फक्त तळाची रेघ उमटली होती.