दुसऱ्याच्या नावाचा घास

मित्रांनो, पाण्यावर फार वाकू नका. तुमची सावली पडली की मला उगाच कुणीतरी आल्यासारखं वाटतं. मी स्टर्जन. थंड मुलखातल्या नद्यांचा मासा, आता म्हातारा झालेला. माझ्या अंगावर खवले नाहीत, हाडांच्या चकत्यांच्या रांगा आहेत. तोंड खालच्या बाजूला, दात एकही नाही. तोंडापुढे चार मिशा लोंबतात, त्यांनी मी तळ चाचपतो आणि चव घेतो. नाकाखाली बारीक भोकं आहेत. जिवंत शरीरात जी इवलीशी वीज खेळते, ती मला तिथे कळते. टाकीजवळ कोण आहे आणि कोण आता नाही, हे मला न बघताच समजतं.

किहीम गावाच्या मागे खाऱ्या खाजणाच्या बांधालगत पत्र्याची शेड आहे, तिच्यातली ही टाकी माझं घर. काळूराम विडी ओढत घाटातून मासळीचा ट्रक चालवायचा. अशाच एका खेपेत त्याने मला बर्फ घातलेल्या पाण्याच्या पेटीतून आणलं. तेव्हा मी बोटाएवढा होतो. माझ्यासाठी त्याने पाणी गार ठेवणारं यंत्र बसवलं. ते अजून घुं घुं करत असतं.

माझं पोट तुमच्यासारखं नाही हं. दातांचं काम माझ्या जठराच्या जाड भिंती करतात. शेवटच्या आतड्यात एक पडदा वळसे घेत उतरतो, खोल विहिरीतल्या गोल जिन्यासारखा. घास त्या जिन्याने हळूहळू खाली जातो आणि प्रत्येक वळणावर भिंत त्यातलं सत्त्व शोषून घेते. गार पाण्यात या कामाला घाई चालत नाही. काळूरामला हे ठाऊक होतं. मासळीच्या पिठाच्या गोळ्या तो बेताने टाकायचा, आणि मी आणखी मागायला वर आलो की हसायचा. "थांब रे हावऱ्या! आधीचं तर अंगी लागू दे."

एका दुपारी तो असाच काठावर वाकला होता. हात पाण्यात होता. घरातून त्याची बायको जनी जेवायला हाका मारत होती. आणि त्याच्या बोटांतली ती इवलीशी वीज विझली. मी मिशांनी बोटं चाचपली. बोटं होती. तो नव्हता.

पितृपक्षात जनीने शेडच्या पत्र्यावर पान ठेवलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. कावळा तारेवर येऊन बसला, पण खाली उतरेना.

"जन्माचा मासे खानारा मानूस, त्याला भोपला वाढतीस?" शेजारची वेणूबाई म्हणाली. "कावला पन तोंड वाकडं करून बसलाय बघ."

"गप गं. पितरांच्या पानाला मासे ठेवतात व्हय?"

"मग कबूल कर काय तरी. मासा इकनार न्हाय म्हून सांग."

जनीने हात जोडले. "न्हाय इकनार. मीच सांभालीन त्याला."

कावळा पानाला न शिवताच उडून गेला.

जनी पान घेऊन शेडमध्ये आली. "भुकेले गेलात तुमी," ती पाण्याला म्हणाली. "अवं, जेवा." तिच्या पावलांचा हादरा ओळखून मी वर आलो होतो. तिने भाताचा गोळा सोडला आणि मी तो ओढून घेतला. ती रडली, हसली. त्या दिवसापासून रोज भात येऊ लागला.

भात माझ्या पोटाचा नाही, मित्रांनो. तो जिन्याच्या वळणांवर साचून राहिला, फुगला, आंबला. पण त्याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. तो घास माझ्या नावाचा नव्हता. भिंतीने त्यातून जे शोषलं, तेही माझं नव्हतं. मला विडीचा वास येऊ लागला. पाण्यात विडी कुठली? मी कधी न पाहिलेल्या घाटातली वळणं मला पाठ झाली. सुरुवातीला मी पावलांच्या हादऱ्याने वर येत होतो. पुढेपुढे 'अवं' ऐकून येऊ लागलो.

माझं पोट टम्म फुगलं. मी कुशीवर तरंगू लागलो. अलिबागेला नोकरी करणारी त्यांची लेक हेमाली घरी आली आणि मला पाहून दचकली. जिथून माझं खाद्य यायचं तिथे तिने फोन लावला. मग आईच्या हातातलं ताट धरलं.

"आये, बस कर. अन्न बंद ठेवा, पाणी गार ठेवा, नायतर मरेल, असं सांगतायत ते."

"बापाला उपाशी ठेवू?"

"हे बाबा न्हायत."

"मग 'अवं' म्हटलं की वर कसे येतात?"

हेमालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या अंगातली वीज थरथरताना मला कळली. ती मनातून घाबरली होती. तरी तिने ताट सोडलं नाही.

"असतील बाबा," ती हळूच म्हणाली. "मग तू त्यांना दुसऱ्यांदा मारतीयास."

जनीने काठावर बसून कपाळाला हात लावला. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरली.

"आये... तू कधी जेवलीस?"

जनीने ताटाकडे बोट केलं. रोज माझ्यापुढे येत होता तो तिच्याच वाटचा भात होता. हेमालीने घास कालवला आणि आईच्या तोंडापुढे धरला. "हा बाबांच्या नावाचा. तू खा." जनी कितीतरी वेळ ओठ मिटून बसली. मग तिने तोंड उघडलं.

मला गार पाण्यात उपाशी ठेवलं. जिना एकेका वळणाने मोकळा होत गेला, आणि घाटातली वळणं मी विसरलो. आता 'अवं' ऐकून मी वर येत नाही.

मित्रांनो, माया करा, पण भरवण्याआधी समोरच्याच्या पोटाचा विचार करा. कुणाला काय पचतं, किती पचतं, हे जाणून घ्या. आणि ज्याला पोटच उरलं नाही, त्याच्यासाठी काढलेला घास मुक्या जिवावर लादू नका. मागे राहिलेल्या माणसाने तो खावा.

जनी आता रोज दुपारी इथेच, काठावर बसून जेवते. चावण्याचे बारीक हादरे पाण्यातून माझ्यापर्यंत पोचतात. शेडमध्ये ती एकटीच असते. हादरे मात्र दोघांचे येतात.